मूळ आल्याशिवाय

२ सप्टेंबर १९९४

डोकं फिरलं की मी वही काढते, एरवी नाही. जानेवारीनंतर आज काढली.

इथे उज्जैनच्या मराठी मंडळाला पन्नास वर्षं झाली, त्याची स्मरणिका आमच्या प्रेसमध्ये छापायला आहे. दसऱ्याला प्रकाशन. ज्या प्राध्यापकांचा मोठा लेख यायचा होता, त्यांनी आज कळवलं की जमणार नाही. म्हणजे आठ पानं रिकामी. हे फ्रीगंजमधल्या प्रेसमधून घरी आले ते चपला न काढताच म्हणाले, तू लिही. जसं काय पोळ्यांबरोबर मी लेखही लाटते. वीस वर्षं लोकांची प्रुफं तपासली म्हणून कोणी लेखक होतं का? हलवायाच्या दुकानासमोर राहिलं म्हणून जिलबी जमत नाही.

साफ नाही म्हटलं. आणि मग भांडी घासता घासता विषय शोधत बसले. स्वभावच असला, करणार काय.

५ सप्टेंबर

विषय सापडला, तोही प्रेसमध्येच. दुपारी एका लांब प्रुफावर तीन मजकूर एकाखाली एक आले होते. वर देवास गेटच्या वैद्यांची जाहिरात, मूळव्याधीवर खात्रीचा इलाज. मध्ये शरच्चंद्र सरांनी लिहिलेली आठवण, त्यात वर्गमूळ. सर म्हणजे ह्यांचे शाळेतले गणिताचे मास्तर. आणि सगळ्यात खाली आमच्या रमेशच्या पेन्सिलीत, ‘मूळ कॉपी नहीं मिली’. रमेश आमचा कंपोझिटर, पक्का माळवी माणूस, पण मराठी आमच्यापेक्षा शुद्ध जुळवतो.

शब्द एकच आणि तिघांचं काम तीन तऱ्हेचं. ठरवलं, हा शब्द घेऊन गावभर चक्कर मारायची आणि ज्याच्या त्याच्या धंद्यात त्याचा अर्थ काय, ते लिहून आणायचं.

रमेशला सांगितलं तर त्याचा चेहराच पडला. म्हणाला, “भाभीजी, कोई दूसरा शब्द नहीं मिला?” त्याचंही खरं आहे. हिंदीच्या टाइपात ळ नसतोच. माझ्या सासऱ्यांनी प्रेस काढला तेव्हा पुण्याहून ळचे शिशाचे खिळे मागवले होते, त्यातले झिजून-हरवून शंभर-सव्वाशे उरलेत. मी आठ पानं मूळ-मूळ करत लिहिली तर दुसऱ्या पानावरच सगळे संपणार. मग ती दोन पानं छापायची, खिळे सोडवायचे, धुवायचे, परत आपापल्या खणात टाकायचे आणि पुढची दोन जुळवायची. टावर चौकात कॉम्प्युटरवर पानं लावून देणारं नवीन दुकान उघडलंय. तिथे म्हणे अक्षरं संपतच नाहीत. त्या दुकानासमोरून जाताना हे दुसरीकडे बघतात.

९ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

मोदक करून कंबर मोडली, तरी लिहितेय, कारण दोन दिवस गावभर विचारून आणलेल्या टिपणांनी वही अर्धी भरली आहे.

शरच्चंद्र सरांनी तासभर बसवून घेतलं. चाराचं मूळ दोन, नवाचं तीन, इथवर मी होते. मग म्हणाले, दोनाचं काढायला घे, आयुष्य सरेल पण उत्तर संपणार नाही. हे सांगताना खूश दिसत होते. घरी एकटेच असतात. मी अजून दोन प्रश्न मुद्दाम विचारले.

वैद्यांनी नवीनच सांगितलं. औषधाचं मूळ उपटायचं तर आदल्या दिवशी त्या झाडापाशी जाऊन हात जोडायचे, उद्या येतो म्हणून सांगायचं, मग दुसऱ्या दिवशी खणायचं. आता एवढं कोण करतं, पोतंच्या पोतं मंडीतून येतं, असंही म्हणाले. मी दोन्ही लिहून घेतलं.

ज्योतिषीबुवांना विचारायची गरजच नव्हती. मी स्वतः मूळ नक्षत्राची. मूळ नक्षत्राची सून सासऱ्याला खाते म्हणतात, त्यापायी माझी तीन स्थळं मोडली. उज्जैनचं हे स्थळ आलं तेव्हा सासूबाईंनी पत्रिका बघून म्हटलं होतं, “आमचे तर आधीच गेलेत. आता हिचं नक्षत्र कुणाला खाणार? घेऊन टाका.” तेव्हा मला ते फार लागलं होतं. आज लिहिताना हसू आलं.

१३ सप्टेंबर

आज गौरी गेल्या. त्या मूळ नक्षत्रावर जातात हे जन्मापासून माहीत आहे, तरी या लेखात घालायचं सुचलं नव्हतं. सासूबाईंनीच आठवण केली. मखर उतरवता उतरवता म्हणाल्या, “सगळ्या गावाला विचारून आलीस. मला नाही विचारलंस.”

मी म्हटलं, आई, तुमचा कुठला धंदा? रागावल्या नाहीत. गौरींचे मुखवटे कापडात गुंडाळत खाली बसल्या आणि सांगत गेल्या. त्यांच्या वेळी मूळ म्हणजे माहेरहून लेकीला न्यायला आलेलं माणूस. भाऊ, चुलता, तेही नाही जमलं तर घरचा जुना गडी. मूळ आलं की सासरच्यांना नाही म्हणता येत नसे. आणि मूळ आल्याशिवाय लेकीनं आपण होऊन माहेरी जायचं नाही. गेली तर ती नको झालेली आहे असं लोक समजत.

त्यांचं माहेर संगमनेर. सोळाव्या वर्षी लग्न होऊन उज्जैनला आल्या. इथे सगळे हिंदी बोलायचे आणि यांना पाणी मागायचंही सुधरत नसे. दिवाळीच्या आधी आठ दिवस दारात बसून असायच्या. आधी गडी यायचा, पुढे धाकटा भाऊ भय्यासाहेब मोठा झाल्यावर तो यायला लागला. रेल्वेनं खंडवा, खंडव्याहून मनमाड, पुढे मोटार. गाडीत दोघं बहीणभाऊ शेंगा खात जायचे, एवढं सांगताना सुद्धा त्यांचा आवाज बदलला.

छप्पन साली भय्यासाहेबांना नवी नोकरी लागली होती, रजा मिळेना. मूळ आलं नाही, कार्ड आलं. सासूबाईंना राहवेना. दहा वर्षांच्या ह्यांना घेऊन एकट्याच गेल्या. उंबऱ्यात पाय टाकला तर वहिनी शेजारणींसमोर म्हणाली, “मूळ नव्हतं पाठवलं, तरी आलात?” थट्टेनं म्हणाली असेल, कोण जाणे. पायही न धुता या परत फिरल्या. त्यानंतर गेल्या नाहीत. अडतीस वर्षं. आई गेली, वडील गेले, ती वहिनीही गेली. भय्यासाहेब दर दिवाळीला कार्ड टाकतात, ताई ये. यांचं म्हणणं, “कागद काय, वाण्याला सुद्धा येतो.”

मला तर कमाल वाटते. एवढा हट्ट काय कामाचा? भाऊ हातानं लिहितो आहे, बोलावतो आहे, त्याला किंमत नाही? माणसाला दोन पावलं पुढे टाकता आली पाहिजेत.

माझी गोष्ट वेगळी आहे. अरविंदनं, माझ्या सख्ख्या धाकट्या भावानं, नाशिकहून यशोधनच्या मुंजीची पत्रिका मला बुकपोस्टानं पाठवली. एकुलत्या एका आत्याला! पाकीट उघडं, आत दोन ओळी हाताच्या नाहीत. फोन नाही, अक्षत घेऊन येणं तर दूरच. मी गेले नाही. त्याला पाच वर्षं झाली. पण तिथे प्रश्न हट्टाचा नाही, रीतीचा आहे.

१७ सप्टेंबर

ळ संपले. रमेशनं पहिली दोन पानं छापून मोकळी केली तेव्हा पुढचं सुरू झालं. शेवटचं पान सासूबाईंच्या अर्थाचं, नाव न घालता. प्रूफ घरी आणलं होतं. भिंग घेऊन वाचलं त्यांनी. मी लिहिलं होतं, ‘पूर्वी अशी पद्धत होती.’ त्यांनी ‘पूर्वी’वर काट मारली आणि ‘होती’चं ‘आहे’ केलं. मी म्हटलं, आता कोण पाळतं? त्या म्हणाल्या, “मी पाळते ना.”

तसंच छापायला दिलं.

२० सप्टेंबर

आज एक उपद्व्याप केला. भय्यासाहेबांना संगमनेरला पत्र टाकलं. ह्यांनाही सांगितलं नाही. लिहिलं की मामा, कार्ड पुरे झाली, माणूस पाठवा. त्या अजून वाट बघून राहिल्या आहेत. त्र्याहत्तरावं चालू आहे, गेल्या वर्षी दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं, अजून किती दिवाळ्या आहेत कोणाला ठाऊक. या दिवाळीला न्या.

पेटीत टाकलं. नसती उठाठेव केली असं वाटतंय.

८ ऑक्टोबर

सुरतेच्या प्लेगाच्या बातम्यांनी टपाल, गाड्या, सगळ्याचा विचका झालाय. लोक तोंडाला रुमाल बांधून फिरतायत. भय्यासाहेबांचं कार्ड आज मिळालं, प्रेसच्या पत्त्यावर. अक्षर थरथरतं. दोन्ही गुडघे गेले, काठी घेऊन अंगणापर्यंत जातो. मुलगा मस्कतला. ‘ताईला न्यायला पाठवावं असं पुरुष माणूस आज या घरात नाही. तुझ्या पत्रानं फार रडलो.’

संपलं. उगाच एका म्हाताऱ्या माणसाला रडवलं. कार्ड घरच्या प्रुफांच्या फायलीत सारलं, सासूबाईंना काही कळायला नको.

१४ ऑक्टोबर, दसरा

प्रकाशन झालं. लेख लोकांना आवडला. मंडळाच्या दोन-तीन म्हाताऱ्या बायकांनी माझा हात धरून ठेवला. सर म्हणाले, वर्गमुळाचं बरोबर उतरलंय. सासूबाई पहिल्या रांगेत, मोतिया रंगाची साडी नेसून. घरी येताना टेम्पोत विचारलं त्यांनी, संगमनेरला एक प्रत पाठवता येईल का. मी म्हटलं, पाठवू. 

१८ ऑक्टोबर

व्हायचं ते झालं. चष्मा शोधताना सासूबाईंच्या हाती ती फाईल लागली.

दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हत्या, मला कारण कळेना. आज ताट समोरून सरकवलं आणि म्हणाल्या, “मी अडतीस वर्षं तोंड उघडलं नाही. तू माझ्या नावानं भीक मागितलीस.”

मी बोलायला गेले, मला वाटलं तुम्हाला... त्या म्हणाल्या, “मागून आलेलं मूळ, मूळ नसतं. तुला एवढं लिहूनही कळलं नाही?”

आता मी रडतेय आणि हे, कांदा चिरतेय असंच धरून चाललेत. चूक माझीच. त्यांची वाट बघणं हीच त्यांची शेवटची गोष्ट होती आणि तीही मी काढून घेतली. आता त्या दाराकडे बघणार सुद्धा नाहीत.

२९ ऑक्टोबर

नीट क्रमानं लिहिते.

सकाळी साडेदहाला दारात एक मुलगी. वीस-एकवीस वर्षांची, पंजाबी ड्रेस, पाठीवर सॅक, धुळीनं केस पांढरे. नाशिकहून रात्रभर इंदूरची बस, तिथून देवास गेटचा स्टँड, तिथून विचारत विचारत पायी. म्हणाली, मी मुक्ता. भय्यासाहेबांची नात, संगमनेरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. अहल्याआजींना न्यायला आले आहे.

सासूबाई आतून सगळं ऐकत होत्या. बाहेर आल्या. तिच्या मागे बघितलं, कोणी नव्हतं. म्हणाल्या, “बरोबर कोण आहे?”

“कोणी नाही. मीच मूळ म्हणून आलेय.”

मुलगी मूळ येते का कुठे, सासूबाई म्हणाल्या. आणि माझ्या सुनेनं पत्र लिहून मागवलेलं मूळ मला नको. चहा घे, जेव, उद्याच्या गाडीनं जा. हे सगळं शांतपणे. मला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्या पोरीनं सॅक खाली ठेवली. तिथेच पायरीवर बसली. म्हणाली, आजोबांनी मला पाठवलं नाही. ते तर एकटी जाऊ नको म्हणत होते. काकूंचं पत्र त्यांनी मला वाचायला दिलं, चष्म्यातून त्यांना दिसत नव्हतं म्हणून. मीच म्हटलं, मी जाते. बोलावणं माझं आहे. मग सॅकचा पट्टा सोडत म्हणाली, “मला तीन आठवडे सुट्टी आहे, आजी. तुम्ही येईपर्यंत मी इथेच राहते.”

सासूबाई तिच्याकडे बघतच राहिल्या.  मग त्या म्हणाल्या, “हट्टी आहेस.”

“तुमच्याच घरातली आहे ना.”

सासूबाई आत गेल्या. मला वाटलं, दार लावून घेतलं आता. पण त्या तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा घेऊन आल्या. त्र्याहत्तर वर्षांच्या बाईनं वाकून त्या पोरीच्या पायांवर पाणी घातलं. मूळ आलेल्याचे पाय धुवायचे असतात. ती घाबरून पाय मागे घ्यायला लागली तर म्हणाल्या, “गप. रीत आहे.” आणि मग तिच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडल्या. तेवीस वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, मुलीसारखं तर नाहीच.

३० ऑक्टोबर

दुपारी दोघी निघाल्या. सासूबाईंनी रात्रीतून चिवडा करायला लावला, संगमनेरला देण्यासाठी शेव घेतली, महाकालाचा अंगारा घेतला. बसमध्ये खिडकीशी बसल्या. माझ्याशी दोन आठवडे धड बोलल्या नव्हत्या, खिडकीतून हात काढून माझा गाल कुरवाळला.  बस हलली तेव्हा मुक्ताला विचारत होत्या, वाटेत शेंगा मिळतील का.

५ नोव्हेंबर, भाऊबीज

घर खायला उठतंय. दिवाळीत मी इतकी मोकळी कधीच नव्हते, तर काय करावं सुचत नाही.

संध्याकाळी गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळलं. भाऊ जवळ नसला की चंद्राला ओवाळायचं, रीतच आहे ती. गेली पाच वर्षं तेच करते, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. आज ढग होते म्हणून निरांजन घेऊन बराच वेळ उभी राहिले, एवढंच. हे खालून हाक मारत राहिले.

१५ नोव्हेंबर

सासूबाईंचं पत्र. मुक्ताच्या अक्षरात, पण बोलणं त्यांचं.

तब्येत उत्तम. भय्याशी रोज भांडते. दोघांचे मिळून सात दात आहेत, तरी शेंगा खाल्ल्या. आणि मग, जसंच्या तसं लिहून ठेवते:

‘न्यायला माहेरचं मूळ येतं, तसं परत आणायला सासरचं यावं लागतं. त्याशिवाय मी निघणार नाही. प्रभाकरला पाठवू नकोस, त्याला प्रेस आहे. तू ये. नाशिकला बस बदलावी लागते हे तुला सांगायला नको. मुक्ताला मी परवा अरविंदकडे पाठवलं होतं. तिला म्हटलं, जाऊन सांग, तुझी बहीण दर भाऊबीजेला गच्चीवर चंद्राला ओवाळते, मी पाच वर्षं जिन्यातून बघते आहे. त्यानं विचारलं, तिनं बोलावलंय का. मुक्ता म्हणाली, नाही, तिला माहीतही नाही.’

मी पत्र घडी करून ठेवलं, मग परत उघडलं. जिन्यातून! आणि मी समजत होते, त्यांना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. कोणी सांगितलं होतं यांना नसते उद्योग करायला? माझ्या नावानं परक्या मुलीला नाशिकला धाडायचं? मी काय कोणाकडे...

हे म्हणाले, “हेच वाक्य गेल्या महिन्यात ताटावर ऐकलं होतं मी.” त्यांना काही कळत नाही.

सासूबाईंना तर आणायलाच हवं. त्यासाठी जाईन. शनिवारची गाडी बघायला सांगितली आहे, संगमनेरला तसं कळवलंही. नाशिकला बस बदलायला पंधरा मिनिटं लागतात, तेवढीच थांबेन.

१९ नोव्हेंबर, नाशिक

अरविंदच्या घरी, यशोधनच्या टेबलावर बसून लिहितेय.

बस तीन तास उशिरा आली. स्टँडवर उतरताना मी मनात सगळं तयार ठेवलं होतं. बुकपोस्ट, उघडं पाकीट, एकुलती एक आत्या, पाच वर्षांचा हिशोब एका दमात म्हणायचा होता. अरविंद खांबाला टेकून उभा होता. मुक्तानं त्याला शनिवारचं कळवलं होतं, सकाळपासून इंदूरहून आलेली प्रत्येक बस बघत होता, असं नंतर वहिनीनं सांगितलं. डोक्यावरचे केस निम्मे गेलेत. मला बघून त्यानं हातातली पिशवी खाली ठेवली आणि म्हणाला, “ताई, मला वाटलं तू यायचीच आहेस, पत्रिका काय नुसती सांगायला. मग तू आली नाहीस. मग मला लाज वाटायला लागली, आणि मग फार दिवस झाले.”

मी तोंड उघडलं, आणि निघालं काय तर, “किती वाळलास रे तू.”

भर स्टँडवर दोघं रडलो. कंडक्टरनं माझी बॅग आणून शेजारी ठेवली.

संगमनेरला फोन लावला, सांगायला की आज नाही, उद्या पोचते. मुक्तानं उचलला. उद्या म्हटल्यावर मागून सासूबाईंचा आवाज आला, खणखणीत, “तिला म्हणावं आठ दिवस राहा. मला कसली घाई आहे, मी माहेरी आहे.”

वहिनी जेवायला बोलावतेय. अरविंदनं पाट मांडलाय, म्हणतो, भाऊबीज आजच करू.